हाकलता येतं, तरी हाकलत नाही: प्रायमेट्समधली (माकडं-वानरांमधली) सामाजिक सहिष्णुता कशी मोजायची

माकडांच्या टोळीसमोर पहिल्यांदा वही उघडून बसलेल्या माणसाचं आठवडाभरात एक मत बनतं. 'ही टोळी शांत आहे', नाहीतर 'ही फार भांडकुदळ आहेत'. कशावरून, असं कोणी विचारलं की वही चाळावी लागते आणि वहीत नेमकं तेच नसतं. माझ्या पहिल्या वहीत कित्येक पानांवर 'दुपार, सगळं शांत' एवढंच लिहिलेलं आहे. पुढे कोण कुठे बसलं होतं याचे नकाशे मांडले तेव्हा उलगडा झाला. खालच्या दर्जाच्या माद्या मोठ्या नरापासून इतक्या लांब बसत होत्या की भांडायला दोघं एका जागी यावे लागतात, तेच घडत नव्हतं. मी जिला सहिष्णुता म्हणत होतो, ती धास्ती होती.

ही चूक जवळपास प्रत्येक नवखा करतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: दुर्बिणीआधी व्याख्या

मराठीत 'सोसणं' आणि 'खपवून घेणं' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि इथे त्यांचा फार उपयोग होतो. दुबळा सोसतो. ज्याच्या हाती जोर आहे तो खपवून घेतो. आपल्याला मोजायची आहे ती दुसरी गोष्ट: हाकलता येत असूनही न हाकलणं. कमजोर मादी दांडगीच्या मारापुढे गप्प बसली तर ती कमजोर मादीची सहिष्णुता नव्हे. दांडगीनं तिला आपल्या शेजारी फळ खाऊ दिलं, तर ती दांडगीची सहिष्णुता.

क्रोनिन आणि सांचेझ यांनी २०१२ मध्ये मांडलेली व्याख्या आज बरीच वापरली जाते. मोलाच्या वस्तूभोवती प्राणी एकमेकांच्या जवळ असण्याची, आणि तेही आक्रमण न होता किंवा अगदी थोडं होऊन, जी शक्यता असते ती सामाजिक सहिष्णुता. या वाक्यात तीन अटी आहेत: हवीशी वस्तू, जवळ असणं आणि आक्रमणाचा अभाव. तिसरी अट सगळ्यांच्या लक्षात राहते, पहिल्या दोन निसटतात. भर दुपारी पोट भरून झाडावर पेंगणाऱ्या टोळीत हवीशी वस्तूच नाही, तर सहिष्णुतेची परीक्षा कसली?

आणखी एक गुंता आत्ताच सोडवून टाका. सहिष्णुता म्हणजे जिव्हाळा नाही. आई आणि मुलगी तासन्‌तास एकमेकींच्या अंगातलं निवडत बसतात, म्हणजे ग्रूमिंग करतात, त्यावरून त्यांचं नातं कळतं. टोळी परक्याला किती खपवून घेते ते कळत नाही. सहिष्णुता म्हणजे सहकार्यही नाही. सहकार्यासाठी ती बहुधा लागते, पण ती असली की सहकार्य आपोआप होतंच असं नाही. आपल्या हातातलं अन्न दुसऱ्याला देणं ही तर आणखी पुढची गोष्ट. शेजाऱ्यानं समोर सांडलेलं उचललं आणि मालकानं काही केलं नाही, इथपर्यंत आपली हद्द.

मग वहीच्या पहिल्याच पानावर लिहा: मी काय मोजणार आहे, जोडीची सहिष्णुता, टोळीची की प्रजातीची? टोळी मोजायची ठरवून जोड्या मोजल्या आणि शेवटी निष्कर्ष प्रजातीबद्दल लिहिला, अशी घसरण छापील लेखांतही दिसते.

दुसरी पायरी: प्रजातीची ओळख करून घ्या

इथे थोडं रेंगाळणं फायद्याचं. सहिष्णुतेचा सर्वांत बारकाईनं अभ्यास झालेला गट म्हणजे मकाक माकडं. फ्रेंच संशोधक बर्नार्ड थिएरी यांनी २००० च्या सुमारास मकाकांच्या प्रजाती चार श्रेणींत मांडल्या. पहिल्या श्रेणीत ऱ्हीसस आणि जपानी मकाक: उतरंड कडक, हल्ला झाला की खालचा पळतो, भांडणानंतर दिलजमाई क्वचित, आणि पक्षपात नातलगांकडे झुकलेला. दुसऱ्या श्रेणीत लांब शेपटीचा मकाक. तिसरीत बार्बरी, बोनेट आणि आखूड शेपटीचा मकाक. चौथ्या श्रेणीत सुलावेसी बेटावरची माकडं, उदाहरणार्थ तोंकियन आणि काळा कलगीवाला मकाक. तिथे हल्ला झाला तर समोरचा बिनधास्त उलट उत्तर देतो, चावे कमी असतात आणि साधारण निम्म्या भांडणांनंतर दोघं पुन्हा एकत्र येतात.

म्हणजे सहिष्णु टोळीत भांडणं कमीच होतात असं नाही. भांडणं भरपूर होऊ शकतात, पण ती दुतर्फा असतात, हलकी असतात आणि लवकर मिटतात. नुसती 'तासाला किती भांडणं' एवढीच मोजणी केलीत, तर एखादी दहशतीखालची गप्प टोळी तुमच्या तक्त्यात सर्वांत सहिष्णु ठरेल.

प्रजाती ओळखायची दुसरी गरज हावभावांसाठी. आवाज न करता ओठ मागे खेचून दात दाखवणं ऱ्हीससमध्ये शरणागतीची खूण आहे. खालचा वरच्याला दाखवतो. तोंकियन मकाकांत तोच चेहरा मैत्रीचा असतो, दोन्ही बाजूंनी केला जातो आणि खेळातही दिसतो. ऱ्हीससवर शिकलेल्या माणसानं तोंकियन टोळीत हा चेहरा 'शरणागती' या रकान्यात टाकला, तर उतरंडीचा सगळा तक्ता खोटा पडतो. म्हणून वर्तनसूची, जिला इथोग्रॅम म्हणतात, दुसऱ्या प्रजातीवरून उचलू नका. त्या प्रजातीवरची जुनी वर्णनं वाचा आणि पहिले दोन-तीन आठवडे फक्त ओळखीसाठी द्या: प्रत्येक प्राणी चेहऱ्यावरून, कानाच्या फाटीवरून, शेपटीच्या वळणावरून ओळखता आला पाहिजे. ओळख न पटलेल्या प्राण्याची नोंद जोडीच्या मोजणीत कामाला येत नाही.

तिसरी पायरी: नोंद कशी घ्यायची

१९७४ मध्ये जीन ऑल्टमन यांनी वर्तन नोंदवण्याच्या पद्धतींवर लिहिलेला निबंध आजही या कामाचा पाया आहे. त्यातल्या दोन पद्धती तुम्हाला रोज लागतील. फोकल पद्धतीत एकच प्राणी ठरलेला वेळ, समजा पंधरा मिनिटं, अखंड पाहायचा आणि त्याच्याशी घडलेलं सगळं लिहायचं. स्कॅन पद्धतीत ठरलेल्या क्षणी सगळ्या टोळीवर नजर फिरवायची आणि कोण कुठे, कोणाशेजारी, काय करतंय ते टिपायचं. कोणाला पाहायचं याची क्रमवारी आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर डोळा आपोआप धडपड करणाऱ्याकडे जातो आणि कोपऱ्यात बसलेली मादी महिनाभर वहीत येतच नाही.

'दिसेल ते लिहिलं' अशा नोंदींवरून प्रमाणं काढू नका. आरडाओरड झालेलं भांडण सगळ्यांना दिसतं. एकानं नुसती मान वळवली आणि दुसरा उठून गेला, हे विस्थापन मात्र हातून सुटतं. आणि आपला विषय तर अशाच बारीक गोष्टींत लपलेला असतो.

'जवळ' म्हणजे किती जवळ, तेही आधी ठरवा. बरेच जण हाताच्या अंतरावर एक सीमा आणि काही मीटरवर दुसरी सीमा धरतात. आकडा कोणताही घ्या, तो मधेच बदलू नका. दोन निरीक्षक असतील तर दोघांनी सुरुवातीला एकच चित्रफीत स्वतंत्रपणे नोंदवावी आणि कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढावा. ०.८ च्या वर आला तर बरं. खाली आला तर बहुधा माणसं चुकलेली नसतात, व्याख्या ढिली असते.

चौथी पायरी: खाण्याभोवतीची परीक्षा

टोळीची सहिष्णुता थेट पाहायची सर्वांत सोपी रीत म्हणजे एकत्र खाण्याची चाचणी. ठरावीक पट्ट्यात सारख्या आकाराचं आवडतं खाणं पसरायचं आणि ठरावीक अंतरानं, समजा दर पंधरा सेकंदांनी, पट्ट्यात किती जण आहेत ते मोजायचं. बारा जणांच्या टोळीत एका क्षणी नऊ जण पट्ट्यात असतील तर त्या क्षणाचं प्रमाण ०.७५. खाणं संपेपर्यंतच्या सगळ्या क्षणांची सरासरी घ्या, पण सरासरीवर थांबू नका. पहिल्या मिनिटाची आणि शेवटच्या मिनिटाची गोष्ट वेगळी असते. मोठे खाऊन निघून गेल्यावर लहान आले, तर सरासरी चांगली दिसते आणि सहिष्णुता मात्र कुठेच नसते.

या चाचणीत नवखे कुठे अडखळतात ते सविस्तर सांगतो, कारण अर्धे घोळ इथलेच. पट्ट्याची लांबी आणि खाण्याचं प्रमाण टोळीच्या संख्येनुसार वाढवावं लागतं. सहा जणांना आणि वीस जणांना एकच पट्टा दिला तर तुलना मेली. खाणं एका ढिगात ठेवलं तर एकटा त्यावर बसून राहू शकतो. फार विखुरलं तर कोणी कोणाच्या आड येतच नाही, आणि 'हाकलता येत असूनही' ही अट गळते. मधला घनपणा शोधायला प्राथमिक फेऱ्या घ्याव्याच लागतात. जो पट्ट्यात आला नाही तो घाबरला की त्याला ते खाणं आवडतच नाही? प्रत्येकाला एकटं असताना तेच खाणं देऊन पाहा. आणि धावत येऊन मूठभर उचलून पळणाऱ्याला 'हजर' धरायचं का, याचा नियम लिहून ठेवा. माझ्या मते धरू नये. तो खपवून घेतला गेलेला नाही, निसटलेला आहे.

याच चाचणीनं एक मोठा समज हलवला. २००७ मध्ये हेअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकत्र खाऊ शकण्याच्या बळावर बोनोबो, म्हणजे चिंपांझींचे जवळचे भाऊबंद वानर, अन्न मिळवण्याच्या सहकार्याच्या कामात चिंपांझींपेक्षा सरस ठरतात. त्यामुळे 'बोनोबो सहिष्णु, चिंपांझी तापट' हे सूत्र रूढ झालं. पण २०१५ मध्ये क्रोनिन आणि सहकाऱ्यांनी एका बोनोबो गटाची एका चिंपांझी गटाशी अशीच सामूहिक तुलना केली, तेव्हा बोनोबोच कमी सहिष्णु निघाले. त्याच्या आदल्या वर्षी झांबियातल्या चिमफुन्शी अभयारण्यातल्या चार चिंपांझी गटांचं काम प्रसिद्ध झालं होतं: प्रजाती तीच, परिसर तोच, तरी गटागटांत ठळक फरक. एका टोळीवरून प्रजातीबद्दल बोलण्याआधी हे चार गट आठवावेत.

रानातल्या प्राण्यांना मात्र चाचणीसाठी खाऊ घालू नका. माणसाच्या हातचं खाणं त्यांची वागणूक बदलतं आणि आजार दोन्ही दिशांनी पसरतात. फळांनी लगडलेलं झाड, पाण्याचं डबकं, उन्हातली सावलीची जागा अशा नैसर्गिक संधींवर काम चालवा. बंदिस्त प्राण्यांवर चाचणी करायची तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी, खाणं नंतर.

पाचवी पायरी: भांडणानंतरची दहा मिनिटं

१९७९ मध्ये फ्रान्स डी वाल आणि फान रोसमालेन यांनी नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींबद्दल दाखवलं की भांडलेले दोघं थोड्याच वेळात एकमेकांकडे परत येतात. पण परत येणं हा समेट की योगायोग? यासाठी १९८३ पासून जी जोडनोंदीची पद्धत रुळली, ती शिकायला सोपी आणि राबवायला चिकाटीची आहे.

भांडण संपलं की बळी पडलेल्याला, किंवा ज्याला पाहायचं ठरवलं आहे त्याला, साधारण दहा मिनिटं सलग पाहा. प्रतिस्पर्ध्याशी पहिला मैत्रीचा स्पर्श कितव्या मिनिटाला झाला ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास, भांडण नसताना, त्याच प्राण्याला तितकाच वेळ पाहा. आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. भांडणानंतर स्पर्श लवकर झाला, किंवा फक्त तेव्हाच झाला, तर ती 'ओढलेली' जोडनोंद. उलट असेल तर 'विखुरलेली'. दोन्हींत सारखं असेल, किंवा कुठेच स्पर्श नसेल, तर तटस्थ.

समजा चाळीस जोडनोंदी जमल्या: अठरा ओढलेल्या, चार विखुरलेल्या, बाकी अठरा तटस्थ. अठरातून चार वजा करा, चाळीसनं भागा. समेटाची प्रवृत्ती ३५ टक्के. वजाबाकी महत्त्वाची, कारण एरवीही एकमेकांना चिकटून राहणाऱ्या जोड्या भांडणानंतर चिकटल्या तर त्यात विशेष काही नाही. ही दुरुस्ती १९९४ मध्ये सुचवली गेली. त्याआधीचे आकडे वाचताना ते कोणत्या सूत्रानं काढले आहेत ते तपासून घ्या.

व्यावहारिक अडचण अशी की दुसऱ्या दिवशी पाऊस येतो, टोळी दुसरीकडे जाते, किंवा नेमक्या वेळी दुसरंच भांडण पेटतं. चाळीस जोडनोंदींसाठी साठ-सत्तर भांडणं टिपायची तयारी ठेवा. एकाच भांडखोर जोडीच्या वीस नोंदी म्हणजे वीस पुरावे नव्हेत. आधी प्रत्येक प्राण्याचा आकडा काढा, मग टोळीचा, किंवा पुनरावृत्ती लक्षात घेणारं सांख्यिकी मॉडेल वापरा.

सहावी पायरी: उतरंड किती उभी?

इथे आकडेमोड थोडी जास्त आहे, पण संगणकावर ती चटकन होते, त्यामुळे लांबण लावत नाही. कोणी कोणाला किती वेळा हरवलं याचा चौकोनी तक्ता मांडा. त्यातून पहिला आकडा दिशेच्या सातत्याचा: शंभर भांडणांपैकी नव्वद नेहमीच्या दिशेनं आणि दहा उलट गेली, तर नव्वदातून दहा वजा करून शंभरानं भागा, ०.८. एकच्या जवळ म्हणजे खालचा कधी उलटत नाही. दुसरा आकडा प्रतिहल्ल्याचा: पन्नास हल्ल्यांपैकी सहांना उलट उत्तर मिळालं तर १२ टक्के. हातात एकच आकडा घ्यायची मुभा असेल तर मी हाच घेईन. तो काढायला सोपा आहे आणि थिएरींच्या श्रेण्यांशी चांगला जुळतो.

तिसरा आकडा उताराचा. प्रत्येकाचे सामान्यीकृत डेव्हिड गुण, म्हणजे कोणाला किती वेळा हरवलं आणि हरवलेला किती तगडा होता हे धरून काढलेले गुण, काढायचे, दर्जाच्या क्रमानं मांडायचे आणि त्यांतून सरळ रेषा ओढायची. रेषेचा उतार शून्याकडे तर टोळी सपाट, एककडे तर उभी. हान डी व्रीस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही रीत मांडली. सापळा एवढाच: ज्या जोड्या तुमच्यासमोर कधी भांडल्याच नाहीत त्या तक्त्यात कोऱ्या राहतात, आणि कोरे रकाने वाढले की उतार कमी दिसतो. कमी पाहिलेली टोळी फुकटात सहिष्णु ठरते. म्हणून उताराबरोबर कोऱ्या जोड्यांचं प्रमाण छापल्याशिवाय आकडा देऊ नका.

उतरंड सरळ रेषेत आहे का, म्हणजे अ ब ला आणि ब क ला हरवत असेल तर अ क लाही हरवतो का, ही निराळी गोष्ट; ती लँडाऊचा एच या आकड्यानं मोजतात. सरळ पण सपाट उतरंड असू शकते: क्रम सगळ्यांना माहीत, पण वरच्याला त्याचा फारसा फायदा नाही.

सातवी पायरी: ऋतू, माणसं आणि काळ

आतापर्यंतचे सगळे आकडे एका टोळीच्या एका काळाचे आहेत. ते किती हलू शकतात याची दोन उदाहरणं.

केनियातल्या मसाई मारामध्ये रॉबर्ट सापोल्स्की बबूनांची एक टोळी पाहत होते. १९८० च्या दशकात तिथल्या पर्यटक निवासाच्या कचऱ्यावर दुसऱ्या टोळीशी झुंजून खाणारे आक्रमक नर क्षयाच्या साथीत मेले. उरलेले नर मवाळ होते. इथपर्यंत नवल नाही. पण बबून नर मोठे झाले की टोळी बदलतात. दहाएक वर्षांनी त्या टोळीतले सगळे नर बाहेरून आलेले होते आणि वागण्याची रीत मात्र मवाळच टिकून होती. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरं उदाहरण पोर्तो रिकोजवळच्या कायो सान्तियागो बेटावरचं. तिथल्या ऱ्हीसस माकडांचे पूर्वज १९३८ मध्ये भारतातून नेलेले. पहिली श्रेणी, सर्वांत कडक. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानं बेटावरची झाडी उद्ध्वस्त केली, सावली दुर्मिळ झाली आणि उघड्यावरचं तापमान ४० अंशांपलीकडे जाऊ लागलं. स्पर्धा वाढली म्हणजे हाणामारी वाढेल असं वाटलं असतं. उलट, माकडं एकमेकांजवळ जास्त बसू लागली, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ज्यांना जास्त शेजारी खपवून घेत होते त्यांचा मृत्यूचा धोका वादळानंतर कमी दिसला. वादळापूर्वी तसा संबंध नव्हता. सावली इथे हवीशी वस्तू होती, आणि म्हणूनच तिच्यात बसलेले शेजारी मोजण्याला अर्थ होता. हीच नोंद भरगच्च झाडी असताना घेतली असती तर तिचा अर्थ वेगळा झाला असता.

म्हणून निकाल लिहिताना वाक्य असं लिहू नका: 'बोनेट मकाक सहिष्णु असतात.' असं लिहा: 'अठरा प्राण्यांच्या या टोळीत, कोरड्या ऋतूत, विखुरलेल्या खाण्याभोवती, सरासरी इतके टक्के प्राणी एकाच वेळी पट्ट्यात होते, प्रतिहल्ल्याचं प्रमाण इतकं, समेटाची प्रवृत्ती इतकी, कोऱ्या जोड्या इतक्या.' वाक्य लांबतं, पण दुसऱ्या टोळीवर काम करणारा कोणीही आपली वही त्याशेजारी ठेवून बघू शकतो.